पिळाचं झुंबर

तो बाहेरचा दिवा बंद करा आधी, उगाच किडे येतात. हां. आणि ए धाकटे, मोबाइल उलटा ठेव. तोंडावर उजेड पाडून भुताची गोष्ट ऐकायची असेल तर आत जाऊन टीव्ही बघ. मी काही कुणाला धरून ठेवलेलं नाही.

आता हे ऐकीव नाही बरं का. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं असंही नाही. पण ज्याच्यावर गुदरलं त्याने मला समोर बसून सांगितलंय, आणि शेवटचं जे आहे ते मी स्वतः अनुभवलंय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. हसायचं असेल तर मात्र आत्ताच हसून घ्या.

माझा एक मित्र आहे. आम्ही त्याला झुंबऱ्या म्हणतो. जुन्या लोखंडाचे दिवे करायचे, हा त्याचा धंदा. पाडलेल्या घराच्या खिडकीची जाळी, मोडक्या फाटकाची नक्षी, शिलाई मशीनचा पाय, सायकलचं चाक, काही म्हणून टाकायचा नाही. घासायचा, काळा रंग मारायचा, मध्ये पिवळे बल्ब बसवायचा, की झालं काम. भंगारात ज्या वस्तूकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, ती लोक बैठकीच्या खोलीत टांगून पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. वायरिंग माझं असायचं, कारण मी वायरमन आणि त्याला साधी होल्डरची तार धड जोडता यायची नाही. "तुझं सगळं लक्ष नक्षीत, एक दिवस शॉक लागून मरशील," असं मी त्याला तोंडावर म्हणायचो. तो हसायचा.

त्याच्या स्वतःच्या घरात, बाहेरच्या खोलीत, एक मोठं झुंबर होतं. चौकोनी लोखंडी दांडा, त्याला अधूनमधून पीळ दिलेला. तो तापवून गोल वाकवला होता आणि त्याच्यावर ओळीने बल्ब. सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू? घरसजावटीच्या एका मासिकात त्याचा फोटो छापून आला, आणि मग याच्याकडे कामं अशी वाढली की विचारू नका.

त्या शनिवारी संध्याकाळी हा बल्ब आणायला निघाला. थंडीचे दिवस होते, आभाळ स्वच्छ, चंद्र पार उशिरा उगवणार होता. रात्री ताई मुक्कामाला येणार होती. ताई म्हणजे याची थोरली बहीण, दुसऱ्या गावी असते. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून ती या घरात राहायला आलीच नव्हती. आईचं कपाट आवरायचं राहिलं होतं. झुंबराचे बल्ब तर सारखे जात होते. बहिणीसमोर अर्धं झुंबर अंधारात नको, म्हणून हा दुकानात गेला.

दुकानदार म्हणाला, "अहो, परवाच नेलेत की! खाता का काय?"

"जातात हो. लावले की जातात."

"मग गेलेले आणा, बदलून देतो."

"तीच तर पंचाईत आहे. दुसरीकडे लावले की लागतात."

मी स्वतः जाऊन तपासलं होतं. तार, होल्डर, बटण, कशात काही दोष नाही. मी आपलं गमतीने म्हटलं, "तुझ्या झुंबराला तूच आवडत नाहीस, दुसरं काय!" तर त्याचा चेहरा असा उतरला, की मलाच चुकल्यासारखं झालं.

आता त्याचं घर नीट डोळ्यांपुढे आणा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाहेरची खोली, तिच्यात झुंबर. मग याची खोली. त्यापलीकडे आईची. आईच्या खोलीपासून मागच्या बाथरूमकडे एक अरुंद बोळ जातो, आणि त्याच्या टोकाला एक पायरी खाली उतरते. पायरी कसली, घात आहे नुसता. मी भरदिवसा तिथे अडखळलोय. बोळाची भिंत आणि याच्या पलंगाची उशी, यांत फक्त विटांचं अंतर.

याची आई शेवटची बरीच वर्षं आंधळी होती. वडील लोखंडकाम करायचे. बायकोची नजर गेली तेव्हा त्यांनी बोळाच्या भिंतीला एक दांडा ठोकला, तिच्या खोलीपासून बाथरूमच्या दारापर्यंत. तिला धरून चालता यावं म्हणून. आणि हाताला कळावं म्हणून त्याला पीळ दिले. खोलीच्या दाराशी एक पीळ. मुलाची खोली आली की लागोपाठ दोन. आणि पायरीच्या अलीकडे एक गुळगुळीत गोळा. हाताला गोळा लागला की थांबायचं, पाय खाली टाकायचा. वडील गेले तरी ती बाई त्या दांड्यावर एकटी फिरायची. कुणाला हाक मारायची नाही.

हो, तोच दांडा. त्याचंच झुंबर.

ताई आली, जेवणं झाली. झुंबराखाली उभी राहून ती वर बघत राहिली. म्हणाली, "बरं झालं हे केलंस. आईच्या हाताखालचं लोखंड आहे. भंगारात गेलं असतं तर मला सहन झालं नसतं."

याने मान डोलावली. दांडा आई गेल्यावर काढला, तिची आठवण म्हणून झुंबर केलं, असं याने तिला सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगितलं होतं. मलाही; मी त्याचं वायरिंग केलं ते आई गेल्यावरच, त्यामुळे शंका आली नाही.

मग ती कपाट आवरायला बसली. खालच्या खणात आईच्या चपला निघाल्या. नव्याकोऱ्या. ताईने त्या मांडीवर घेतल्या आणि तळावरून अंगठा फिरवत बसली.

"मीच आणल्या रे. तळ बघ ना किती गुळगुळीत आहे. दुकानातच कळायला हवं होतं मला."

"जाऊ दे ना, ताई."

"रात्री उठली, पाय सरकला, पायरीवरून गेली. सरकणारच की. मी आता कुणालाच काही घ्यायला जात नाही बघ. नातीला बूट घ्यायचे होते, सुनेला म्हटलं तूच जा बाई, माझ्या हाताला यश नाही."

"झालं गेलं, ताई. झोप आता."

याहून एक शब्द जास्त बोलला नाही तो. बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडायची त्याची हिंमत झाली नाही, असं त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

ताई आईच्या खोलीत झोपली. रात्री उठावं लागलं तर अंधार नको, म्हणून याने झुंबर चालूच ठेवलं. नवे बल्ब, सगळे लागलेले. पलंगावरून उघड्या दारातून त्याला झुंबर पूर्ण दिसत होतं. त्याकडे बघत बघत त्याला झोप लागली.

जाग आली ती कशाने आली, कळलं नाही. घर शांत. ताईच्या घोरण्याचा आवाज मघाशी येत होता, तो थांबलेला.

मग भिंतीतून आवाज आला.

घस्…

उशीच्या पलीकडून. बोळातून. कोरडा तळवा भिंतीवरून सरकावा, तसा.

घस्… घस्…

आणि झुंबराचा एक बल्ब गेला.

फट् नाही, काही नाही. नुसता विझला. तो बघत राहिला. आवाज थोडा पुढे आला. दुसरा बल्ब गेला. त्याच्या शेजारचा. आवाज पुढे… तिसरा. जसा हात सरकेल तसे बल्ब विझत होते. त्या गोलावरून कुणीतरी क्रमाने हात फिरवत चाललंय, असे.

त्याने पांघरूण डोक्यावर घेतलं.

हे लक्षात घ्या, पोरांनो. तो घाबरला होता, पण त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती. कारण हा आवाज तो पहिल्यांदा ऐकत नव्हता. आई गेली त्या रात्रीही ऐकला होता. असाच. याच पलंगावर, असंच पांघरूण डोक्यावर घेऊन.

आवाज उशीपाशी आला. थांबला.

जिथे लागोपाठ दोन पीळ होते… तिथे.

"बाळ…"

अगदी हळू.

"बाळ, दांडा कुठे गेला रे?"

तो गप्प.

"झोपलास का?"

तो… गप्प.

घस्… हात पुढे निघाला. पायरीकडे. पांघरुणाच्या फटीतून दिसणारा झुंबराचा एकच बल्ब उरला. त्याच्या पिवळ्या उजेडात त्याला आपले दोन्ही हात दिसले, पांघरूण घट्ट धरलेले. त्या रात्री याच्यानंतर काय ऐकू आलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. आणि मग एकदम ध्यानात आलं… ताई घोरत नाहीये.

तो उठला. या वेळी उठला. बोळात धावला, बटण दाबलं.

ताई पायरीच्या टोकाशी उभी. डोळे मिटलेले. एक तळवा भिंतीवर. दुसरा हात पुढे… कुणाचा तरी धरल्यासारखा. आणि एक पाय उचललेला.

त्याने तिला कवेत धरून मागे ओढलं. दोघंही भिंतीला टेकून खाली बसले. तिने डोळे उघडले. तिला पहिल्यांदा वाटलं आपण स्वप्नात आहोत.

"आई होती," ती म्हणाली. "पुढे चालत होती. मी तिचा हात धरला होता. ती म्हणाली, दांडा कुठे गेला? मी म्हटलं, आई, तू गेल्यावर काढला त्याने. तुझी आठवण म्हणून."

"मग?"

"ती म्हणाली, नाही गं."

…

मग याने सांगितलं. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते, तिथेच फरशीवर बसून.

आई तेव्हा ताईकडे राहायला गेली होती. ती आता तिकडेच राहील, असं याने मनाशी धरलं. मासिकाचे लोक फोटो काढायला येणार होते आणि याच्याकडे दाखवण्यासारखं एकच लोखंड होतं. वडिलांच्या हातचं. दांडा काढला, तापवला, वाकवला. टोकाचा तो गोळा नक्षीत बसेना. बेढब दिसत होता. कापला आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. जन्मभर लोखंड हाताळणारा माणूस, पण वडिलांनी पीळ कशाला दिले होते ते विसरला. त्याला ते फक्त छान दिसत होते.

आणि आईने हट्ट धरला, मला माझ्या घरी सोड. ताई तिला संध्याकाळी दाराशीच सोडून गेली. आई थकली होती, तिला हाताला धरून याने पलंगावर नेलं. दांडा काढलाय हे सांगायचं तोंड होईना. सकाळी सांगू, म्हणाला. रात्री ती उठली. भिंत चाचपत आली. हाक मारली. आणि हा जागा होता. उठलो तर सांगावं लागेल, म्हणून झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. तेवढी जाते ती, म्हणाला मनाशी. तेवढी जाते.

सकाळी जमलेल्या लोकांपैकी कुणीतरी नव्या चपलांकडे बोट दाखवलं. याने नाही म्हटलं नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "तू जागा होतास?"

याने मान खाली घातली.

"तिने हाक मारली होती?"

याची मान खालीच.

ताई उठली. बॅग भरली, आणि उजाडेपर्यंत बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिली. निघताना त्या चपला तिने पिशवीत घातल्या आणि दारातून, त्याच्याकडे न बघता, म्हणाली, "दांडा होता तिथे लाव."

त्याच दुपारी मला बोलावणं आलं. मी तारा सोडवल्या, आम्ही दोघांनी झुंबर खाली उतरवलं. तेव्हा त्याने मला हे सगळं सांगितलं. शिवी द्यावीशी वाटली आणि पाठीवरून हात फिरवावासाही वाटला. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्याने ते लोखंड पुन्हा तापवून, ठोकून ठोकून सरळ केलं. जुन्याच खुणांवर भिंतीला बसवलं. टोकाचा तुकडा तेवढा कमी पडला. भंगाराच्या दुकानातून तो केव्हाच भट्टीत गेला होता. मी म्हटलं, नवा गोळा कर की. तो म्हणाला, "माझ्या हातचा तिला ओळखू येणार नाही." मी म्हटलं, मग पायरीवर एक दिवा तरी लावू. तर माझ्याकडे बघून म्हणाला, "दिव्याचा काय उपयोग रे? तिला दिसत कुठे होतं?"

ताई अजून त्याच्याशी बोलत नाही. तो दर महिन्याला फोन करतो, ती उचलते आणि सुनेच्या हातात देते. झुंबरं करणं त्याने सोडलंय.

मी गेल्या थंडीत त्याच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे बाथरूमला जायला उठलो. बोळात काळोख, बटण सापडेना, म्हणून दांडा धरला. बर्फासारखा गार. हात नुसता बधिर झाला. एक पीळ लागला… पुढे गेलो… लागोपाठ दोन पीळ लागले… तसाच सरकवत पुढे नेला. गारच. गारच.

आणि दांडा संपतो ना, पायरीच्या अलीकडे, जिथे तो कापलाय…

तिथे लोखंड कोमट होतं.

मुठीएवढंच.