आबांच्या पुढे बारा हजार किलोमीटर

नेम अगदी बरोबर लागला होता. आबांच्या यानाचा ठिपका दुर्बिणीच्या मधोमध होता, केसभरही इकडेतिकडे नाही. तरीही आमचा उजेड आबांपर्यंत पोचला नव्हता. का पोचला नाही हे आमच्या मंडळातल्या मोठ्या माणसांना कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून ती एकमेकांवर खेकसत होती. मला तर त्या गच्चीवरून खाली निघून जावंसं वाटत होतं.

पहिल्यापासून सांगते. मी राही, सातवीत आहे. आमचं गाव माण तालुक्यात. इकडे पाऊस कमी, म्हणून ढगही कमी. शेतीला वाईट, पण आकाश बघायला झकास. म्हणून आबांनी पंचवीस वर्षांपूर्वी, म्हणजे २०३६ साली, टेकडीवरच्या शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शन मंडळ सुरू केलं. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. शाळेला लागूनच त्यांचं घर. दुर्बिणीचे आरसे हाताने घासून तयार करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

त्या आरशांनीच घोटाळा केला. मंगळावर आता वेधशाळा आहे. तिथल्या धुळीने आरसे खराब होतात, आणि ते हाताने घासून नीट करणारी माणसं पृथ्वीवरच फार थोडी उरली आहेत. त्यामुळे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आमच्या आबांना मंगळाचं बोलावणं आलं, आणि ते चक्क हो म्हणाले. तीन वर्षांसाठी. मला न विचारता.

मी फुगून बसले. आता आमच्या मंडळाची एक पद्धत आहे. सभा संपली की जो तो अंधारातून आपापल्या घरी जातो आणि अंगणात उभं राहून गच्चीकडे तीन वेळा बॅटरी मारतो. म्हणजे, पोचलो. सगळ्यांचे तीन तीन उजेड दिसल्याशिवाय आबा गच्चीवरून हलायचे नाहीत. ते जाणार त्याच्या आदल्या दिवशीही सभा झाली. मी घरी आले आणि बॅटरी मारलीच नाही, मुद्दाम. आई नंतर म्हणाली की मी घरात आहे हे तिने फोन करून सांगितलं, तरी आबा बराच वेळ गच्चीवर उभे होते. पहाटे त्यांची गाडी दारावरून गेली तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

या गोष्टीला चार महिने झाले. आबांना निरोप पाठवता येतो, नाही असं नाही. पण तो अंतराळ कार्यालयातून जातो, तिथली चार माणसं तो वाचतात, आणि मला जे सांगायचं होतं ते चार परक्या माणसांनी वाचावं असं नव्हतं. मी दर आठवड्याला कागद घेऊन बसायचे आणि कोराच ठेवून द्यायचे. तेवढं एक मात्र करायचे: रोज संध्याकाळी आबांचं यान कुठल्या ताऱ्याजवळ दिसतंय ते बघून नकाशावर पेन्सिलीने खूण करायची. यान काही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पण त्यावर पृथ्वीकडे रोखलेला एक दिवा आहे, तो मंडळाच्या मोठ्या दुर्बिणीतून बारीक ठिपक्यासारखा दिसतो.

तर त्या दिवशी मंडळाला परवानगी मिळाली होती. आपल्या गच्चीवरून आबांच्या यानाकडे लेझरचा (अगदी कमी पसरणाऱ्या प्रकाशाचा) झोत सोडायचा, तीन वेळा लुकलुकवायचा. वरून विमानं जातात म्हणून झोत फक्त तीनदा सोडायला मिळणार होता. तिकडे आबा खिडकीशी छोटी दुर्बीण लावून बसणार, आणि आमचा उजेड दिसला की आपला दिवा तीनदा लुकलुकवणार. दुसऱ्या दिवशी यान वळणार होतं आणि ती खिडकी आमच्याकडे पाठ करणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. चार महिन्यांपूर्वी मी न मारलेली बॅटरी मला आज मारायची होती.

सूर्य मावळून अंधार पडायला लागला होता. आठ वाजून वीस मिनिटांनी यान पश्चिमेच्या डोंगराआड जाणार होतं. आणि आमचे चिटणीस जगदाळे सर काय करत होते? मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते. सर भूगोलाचे शिक्षक होते, आता निवृत्त झालेत, पण इतिवृत्त वाचून मंजूर झाल्याशिवाय दुर्बिणीवरचं कापड काढू देत नाहीत. मग चहा झाला. मग मागच्या वेळी चहात साखर जास्त कुणी घातली यावर पाच मिनिटं गेली. मी दात ओठ खात बसले होते.

शेवटी पावणेआठला दहा मिनिटं असताना पहिला झोत सोडला. लेझरची नळी दुर्बिणीच्या अंगालाच बसवलेली आहे. ती मुलाणी चाचांनी बसवली. चाचा एरवी विजेवरचे ट्रॅक्टर दुरुस्त करतात. नळी आणि दुर्बीण एका रेषेत यावी म्हणून त्यांनी आठ दिवस स्क्रू पिळले होते. दुर्बीण फिरवण्याचं काम सोपानकडे. सोपान हा आमचा यंत्रमानव. हातपाय नाहीत, दुर्बिणीच्या बुडाशी बसलेला एक डबा आणि त्याला आवाज. विचारलं तेवढंच सांगतो, शब्दभरही जास्त नाही. यान मध्यावर आहे का, असं सरांनी विचारलं. आहे, असं सोपान म्हणाला. मी बटण तीनदा दाबलं.

उजेड एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. आबांचं यान नऊ कोटी किलोमीटरवर होतं. भागाकार करा, तीनशे सेकंद येतात, म्हणजे पाच मिनिटं. याला प्रकाशवेळ (तेवढं अंतर कापायला उजेडाला लागणारा वेळ) म्हणतात. पाच मिनिटं जायला, पाच यायला. दहा मिनिटांनी ठिपका लुकलुकायला हवा होता.

लुकलुकला नाही. अकरा मिनिटं झाली, बारा झाली. सर म्हणाले की चाचांचे स्क्रू ढिले असणार. चाचा म्हणाले की सरांनी चष्मा बदलावा. खरमाटे काकूंना वाटत होतं की आबांना डुलकी लागली असेल. काकू मंडळाच्या अध्यक्षा आहेत, पिठाची गिरणी चालवतात आणि एरवी फार समजूतदार आहेत, पण त्या दिवशी त्यांचाही मला राग आला. आबा डुलकी काढणाऱ्यातले नाहीत. सरांचं आपलं एकच चाललं होतं: पंचवीस वर्षं आपण आकाश बघतोय, जे दिसतं त्यावर नेम धरायला आपल्याला कुणी शिकवायचं?

मी कठड्यावर हात टेकून खाली बघत होते. खाली आमचं अंगण दिसतं, तिथला दिवा लागलेला होता. तिथे आमची शेळी मेथीच्या वाफ्यात शिरली होती आणि आई पाइपने तिच्यावर पाणी उडवत होती. ते काम एरवी माझं. आई शेळीवर नेम धरायची आणि पाणी पडेपर्यंत शेळी पुढे गेलेली असायची. मला हसू आलं. शेळीवर नेम धरायचाच नसतो, तिच्या तोंडाच्या दोन हात पुढे धरायचा. मग पाणी आणि शेळी एकाच जागी येतात. हे मला दुसरीत असल्यापासून माहीत आहे.

आणि मग माझं हसू थांबलं. आपला झोत आबांकडे जायला पाच मिनिटं लागतात. तोवर आबा काय उभे राहतात? मी धावत सोपानकडे गेले आणि यानाचा वेग विचारला. आपल्या नजरेच्या आडव्या दिशेने सेकंदाला वीस किलोमीटर, असं तो म्हणाला. तीनशे सेकंदांत सहा हजार किलोमीटर. मग झोताची रुंदी विचारली. इथून मनगटाएवढा निघालेला झोत तिथे पोचेपर्यंत पसरत पसरत चार हजार किलोमीटर रुंद होतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन दोन हजार. आबा त्याच्या बाहेर निघून गेले होते.

हे तुला आधी माहीत होतं का, असं मी त्याला विचारलं. होतं, पण मला कुणी विचारलं नाही, असं तो म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला.

आता चाचांना सांगायचं होतं की आठ दिवस खपून जुळवलेली नळी वाकडी करा. चाचांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांचा ट्रॅक्टर विहिरीत ढकलायला सांगितला. मुद्दाम नेम चुकवायचा का, असं ते दोनदा म्हणाले. पण शेळीचं सांगितल्यावर स्क्रूला हात घातला, कारण त्यांच्याकडेही शेळ्या आहेत. कुठल्या बाजूला वाकवायची ते माझ्या नकाशावरून कळलं. चार महिन्यांच्या खुणा एका रांगेत होत्या आणि आबा कुठे निघालेत ते त्या सरळ दाखवत होत्या. नकाशा बघून काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आठला दोन मिनिटं असताना दुसरा झोत सुटला, दिसणाऱ्या ठिपक्याच्या सहा हजार किलोमीटर पुढे. मला खात्री होती. दहा मिनिटं मी डोळा काढला नाही. ठिपका ढिम्म.

मग काय विचारता. सर म्हणाले की पोरखेळात एक संधी वाया गेली, आता शेवटची नीट मध्यावर सोडायची. चाचा स्क्रू परत पिळायला निघाले. माझे डोळे भरून आले आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

तेवढ्यात सोपानने कार्यालयातून आलेला आबांचा निरोप वाचला. अजून काही दिसलं नाही. चहा घेतोय. बघत बसलोय.

"आत्ता चहा पितोय बघ म्हातारा," चाचा म्हणाले.

"आत्ता नाही," सोपान म्हणाला. "पाच मिनिटांपूर्वी."

त्याला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच तो न विचारता बोलला, आणि नेमका तेव्हा बोलला. मी दुर्बिणीतल्या ठिपक्याकडे बघितलं. निरोप जसा पाच मिनिटांपूर्वीचा, तसा हा उजेडही पाच मिनिटांपूर्वीच निघालेला. म्हणजे मला दिसत होते ते पाच मिनिटांपूर्वीचे आबा. ठिपका दिसतोय तिथे आबा नव्हतेच. ते आधीच सहा हजार किलोमीटर पुढे गेले होते, आणि माझा झोत पोचेपर्यंत आणखी सहा हजार जाणार होते. शेळी समोरच असते, दिसते तिथेच असते, म्हणून तिथे एकदाच पुढे नेम धरला की भागतं. इथे दोनदा धरायला हवा होता. मी अर्धंच गणित केलं होतं.

मी घाईघाईने सांगितलं. आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती. झोत जाऊन उत्तर यायला दहा मिनिटं, आणि वीसला यान डोंगराआड. आणि जगदाळे सर म्हणाले, शेवटचीच संधी आहे, तेव्हा हे रीतसर ठराव म्हणून मांडावं.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही पंचवीस वर्षं जे बघताय ना, त्यातलं काहीच आत्ताचं नाही. सगळं जुनं आहे. बघायला ते चालतं. हाक मारायला चालत नाही."

मला वाटलं आता सर ओरडणार. पण ते चष्मा काढून म्हणाले, "ठराव मीच मांडतो."

"अनुमोदन," चाचा म्हणाले, आणि तोवर त्यांनी स्क्रू फिरवलेलाही होता. सोपानने कोन सांगितला. हात लांब करून करंगळी धरली की आकाशाचा साधारण एक अंश झाकला जातो. त्या एका अंशाचे छत्तीसशे भाग केले तर त्यातले सत्तावीस भाग, एवढंच नळी वाकवायची. एवढ्याशासाठी आम्ही दोनदा चुकलो होतो. मी बटण दाबलं. एक. दोन. तीन.

नंतरची दहा मिनिटं कुणी भांडलं नाही. ठिपका डोंगराच्या काळ्या कडेपाशी उतरत चालला. एकोणीस मिनिटं झाली. मग ठिपका विझला. गेला डोंगराआड, असं सर पुटपुटले, पण तो परत पेटला. परत विझला, परत पेटला, आणि तिसऱ्यांदा. मी मोजत होते आणि मला नीट दिसत नव्हतं, कारण मी रडत होते. काकूही डोळे पुसत होत्या. मिनिटभराने ठिपका खरंच डोंगराआड गेला.

खाली उतरण्याआधी मी नकाशावर त्या दिवसाची खूण केली. आबा दिसले तिथे एक, आणि आबा होते तिथे दुसरी करायला गेले, पण दोन्हींमधलं अंतर पेन्सिलीच्या टोकापेक्षा बारीक निघालं. तेवढ्यात सोपानने आबांचा नवा निरोप सांगितला, की मंगळावर पोचल्यावर आबांनी तिथल्या पोरांसाठी गच्चीवरचं मंडळ काढायचं ठरवलं आहे. उद्या ती पोरं आपल्याकडे झोत सोडतील, तेव्हा पृथ्वी पुढे किती जाईल याचं गणित त्यांना करावं लागेल. मी म्हणाले, आबांना सांग, मी शिकवीन. आणि तो निरोप कार्यालयातल्या चार माणसांनी वाचला तर वाचू दे.

मग घरी आले. अंगणात उभी राहिले आणि गच्चीकडे तीन वेळा बॅटरी मारली. वर जगदाळे सर थांबले होते. त्यांनी उलट तीनदा मारली आणि मगच ते खाली उतरले.