देवजीच्या घड्याळातलं स्टील

आमच्या बोनकोडे गावात मला थापाड्या म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण एकेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्यात घड्याळाबद्दल थाप एकच मारली. ती पुढे येईलच.

देवजी माझा थोरला भाऊ. मिठागरात तळपाय फोडून घेतलेला माणूस. सरकारनं घेतलेल्या जमिनीचा मोबदला आला तेव्हा त्यानं एका खलाशाकडून जुनं घड्याळ घेतलं. पाण्यात बुडी मारणारे वापरतात तसलं, निळ्या तबकडीचं. पट्ट्याच्या मधल्या कड्या सोन्याच्या, दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या. लोक म्हणायचे, अर्धवट आहे. देवजी म्हणायचा, "सोना सरकारचा, लोखंड माझा. दोनी हाय म्हनून बघावासा वाटतो."

गेल्या दिवाळीनंतर तो गेला. जाताना माझ्यासमोर बोलला, घड्याळ जागृतीला, हाय तसा. जागृती त्याची मुलगी. तीन वर्षं तिनंच त्याचं सगळं केलं. पण कुंदननं, मुलानं, प्रेत ओटीवर असतानाच घड्याळ मनगटावरून ओढून काढलं. मी बघत होतो. अडवलं नाही. तो राग अजून उतरलेला नाही.

चैत्रात कुंदन दुकानात आला.

"काका, पोराची हलद हाय. सगला गाव सोन्यानं मढून येनार, नि माझ्या हातात अर्धा लोखंड. फुल पिवला करून दे."

"बापाचा शब्द आठवतो का?"

"म्हाताऱ्याचा काय धरून बसतोस?"

"मग म्हाताऱ्याच्या दुकानात कशाला चढलास? उतर खाली."

त्यानं वाशीत सोन्याचं पाणी देऊन घेतलं. चौथ्या दिवशी घड्याळ माझ्या काउंटरच्या काचेवर आपटलं. "चोरानं फसवला. दोन दिवस पन टिकला नाय."

बाजूच्या कड्या पांढऱ्याफटक होत्या. मी डोळ्याला भिंग लावलं. पाणी झिजलं की खाचांत पिवळं उरतं. इथं कणभर नव्हतं. पाणी चढवण्याआधी कारागीर घासून गुळगुळीत करतो, तरी प्रत्येक चरा जागच्या जागी होता. होडीच्या खिळ्याचा. विळ्याचा. आणि आतून, कातडीला लागतो तिथं, आकड्यासारखा वाकडा एक.

तो माझा. एक्क्याण्णव साली माझा स्क्रूड्रायव्हर घसरला होता. देवजीला सांगितलं, खलाशाच्या वेळचा आहे. हीच ती थाप.

"जागृतीला देऊन ये," मी म्हणालो.

"तिला स्टीलचा डबा देतो," म्हणून हसला.

पाणी दुसऱ्यांदाही उडालं. मग त्यानं मधलं सोनं वितळवून, वर भर घालून अख्खा पट्टाच सोन्याचा घडवला. बाजूचं स्टील खाडीत फेकलं, आणि हे सांगायला मुद्दाम माझ्याकडे आला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

हळदीच्या दिवशी, भर दुपारी, मांडवात स्पीकर तपासत होते. कुंदन अर्ध्या शटरखालून आत आला. हाताला टॉवेल गुंडाळलेला.

"काका, काढ."

"का?"

"गार लागतो."

मी काढलं. माझ्या तळव्यात ते ऊबदार होतं. सेकंदाचा काटा नीट फिरत होता.

त्यानं मनगट दिव्याखाली धरलं.

मधे सोन्याच्या कड्यांएवढी पट्टी कातडीची. तिच्या दोन्ही बाजूंना करड्या पट्ट्या, मनगटाभोवती फिरून आलेल्या.

मी करड्या पट्टीवर चिमटा टेकवला. टिंग वाजलं, स्टीलवर वाजतं तसं.

"निघंल ना?" त्याचा आवाज लहान झाला होता.

भिंग लावलं. खिळ्याचा चरा होता. विळ्याचा होता. मी हात उलटा केला.

नाडीवर, करड्या पट्टीत, तोच आकड्यासारखा वाकडा चरा.

"ह्यो कसला, काका?"

देवजीला मी कधीच खरं सांगितलं नव्हतं.

"खलाशाच्या वेळचा," मी म्हणालो.

घड्याळ त्यानं त्याच दुपारी जागृतीला नेऊन दिलं. तिनं उलटसुलट पाहिलं. "ह्यो बाचा नाय," म्हणाली आणि परत केलं. कुंदन हल्ली पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो.

माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक, स्क्रूड्रायव्हर टेकतो तेवढंच, तेव्हापासून गार आहे. काचेवर ठेवलं की टिंग वाजतं.