बावन्न किलो वाळू

दिवा राहू दे चालू, पण मधे कोणी बोलू नका. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. थापा मारायला लागते तेवढी अक्कल त्याच्याकडे नाही, म्हणून माझा विश्वास आहे.

त्याचं गॅरेज आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत त्याचा हात कोणी धरू शकत नाही. एकदा एक निवृत्त मास्तर आले. तीन महिन्यांपूर्वी आजारी बायकोला मध्यरात्री दवाखान्यात नेताना गाडी चढावर खालच्या गिअरमध्ये अडकली होती. इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी पुढे सरकेना. दवाखाना येईपर्यंत बाई गेल्या. मास्तरांना एवढंच हवं होतं, की दोष गाडीचा होता असं कोणीतरी दाखवून द्यावं. तीन गॅरेजं फिरून झाली होती.

साडूने तेल पाहिलं, कॉम्प्युटर लावला. सगळं ठणठणीत. आता अधूनमधून होणारा बिघाड पकडायचा, तर तो झाला तशीच परिस्थिती जुळवावी लागते. तोच रस्ता, तीच वेळ, तेवढंच ओझं. याने सरळ विचारलं, बाईंचं वजन किती होतं? मास्तर हळूच म्हणाले, बावन्न. याने बावन्न किलो वाळू पोत्यात भरून मास्तरांच्या शेजारच्या सीटवर ठेवली आणि वरून पट्टा लावला. कामात बुडालेला माणूस असला गाढवपणा करतो.

अकरा डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. गाडी मास्तर चालवत होते. साडू मागे, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. चढ लागला. गिअर अलगद बदलत होते.

अर्धा चढ झाला... आणि इंजिन ओरडलं.

गाडी रेंगाळली. कॉम्प्युटरवर बिघाड काहीच नाही. साडूने पुढे वाकून पाहिलं. गिअरचा दांडा सगळ्यात खालच्या खाचेत होता. त्याचं बटण दाबून धरल्याशिवाय तो तिथे जातच नाही.

मास्तरांचे हात स्टिअरिंगवर होते.

दोन्ही...

 तरी साडू म्हणाला, "गिअरबॉक्सच आहे, मास्तर. दोष गाडीचाच."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. शेजारी पाहिलं नाही.

"त्या रात्री मी तिचा हात बघितला होता," ते म्हणाले. "दांड्यावर. म्हणाली, पुरे झालं आता, मला नका नेऊ." त्यांनी इंजिन बंद केलं. "मला तो हात काढता आला असता. मी काढला नाही."

...

मास्तर गाडी न्यायला परत आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. साडूला त्यांची फार दया येते, पण करणार काय?

त्याने तो दांडा खोलला. आतली स्प्रिंग बदलली. हातात धरून दाबलं की बटण टणकन वर येतं. गाडीत बसवलं की हळूहळू आत जातं. कोणी अंगठ्याने दाबावं तसं.

गेल्या रविवारी मी स्वतः पाहून आलो. अजून आतच आहे.