पहिला घाव

“या भूमीनं देशाला वीर दिले, संत दिले, आज ती जगाला भोपळा देत आहे!” असं आदर्शराजे माइकवरून म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांच्यामागच्या हत्तीच्या पोटातून एक माणूस खाली पडला.

हत्ती भोपळ्यांचा होता. माणूस खरा होता.

बांबूच्या सांगाड्यावर सहाशे भोपळे रचून तो हत्ती उभा केला होता. पोटाखालची एक काठी सुटली, पन्नासएक भोपळे हिरवळीवर गडगडले आणि त्यांच्या मागोमाग सुभाष टेमकर आले. स्पर्धेचे परीक्षक. मानेवर दोन घाव, कवटीत तिसरा. तिसरा इतका खोल, की डोकं एका अंगानं उघडलंच होतं. पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमाचाच भाग असेल, असं त्यांना वाटलं. मग रक्त एका बाईच्या चपलेपर्यंत आलं आणि टाळ्या थांबल्या.

पेणहून रोह्याकडे जाताना गडब मागे पडलं, की आत एक फाटा कासारवण्याला जातो. तिथल्या संस्थानात एके काळी अकरा गावं होती. बारावं सासुरवाडीकडून मिळायचं होतं, ते मिळालं नाही. पुढे संस्थान गेलं. राजवाडा आणि बाग राहिली. आदर्शराजे एकदा जर्मनीला गेले, तिथल्या एका महालाच्या बागेत शरद ऋतूतला भोपळ्यांचा महोत्सव बघून आले, आणि तीन वर्षांपासून दसऱ्यानंतर तो इथेही भरू लागला. रोह्याच्या बाजारात ज्या भोपळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याच्याबरोबर लोक इथे तिकीट काढून फोटो काढत.

प्रेतापासून दहा पावलांवर कोयता सापडला. मुठीवर मासा कोरलेला. तो दामूचा, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. दामू नदीकाठच्या कातकरी वाडीतला, बागेतला रोजंदारीवरचा गडी.

सहायक निरीक्षक नम्रता घरत अर्ध्या तासात पोचली, तोवर अकरा स्वयंसेवकांनी तपास पूर्ण केला होता. दामू बकुळीला बांधलेला होता. डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. दोन दात गवतात पडले होते. एक जण बांबू उगारून तिसऱ्या दाताच्या शोधात होता.

नम्रतानं त्याच्या मनगटावर काठी घातली. हाड वाजलं.

“सोडा त्याला.”

“मॅडम, खुनी हाय तो!”

“मग तू कोण? डेंटिस्ट?”

हवालदार गुणाजी धापा टाकत मागून आला. खरं तर बारा वाजल्यापासून त्याचा इथेच बंदोबस्त होता.

“कुठे होतात?”

“घरी, मॅडम. बायकोनं अडवलं. आज भाजीला भोपळा होता, फोडून दिल्याबिगर सोडंना.”

“खून झालाय, गुणाजी.”

“व्हय. पण भोपळाबी होताच ना.”

नम्रता दामूसमोर उकिडवी बसली. त्याच्या नाकातून रक्त गळत होतं. ते चार थेंब सोडले तर सदरा मात्र कोरडा होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत भोपळ्याचे नारिंगी तंतू चिकटून वाळले होते.

“टेमकर साडेबारानंतर कुणाला दिसले नाहीत. साडेबारा ते एक, कुठे होतास?”

“सांगनार नाय.”

“कोयता तुझा?”

“माजाच.”

“तुझ्या हातात होता?”

दामूनं मान फिरवली. शेजारी त्याची बायको पारी मातीत बसली होती. तिच्या कमरेलाही लाकूडफाट्याचा कोयता होता.

“बोल ना रं,” ती म्हणाली. “मेल्यावर बोलशील?”

“वचन दिलंय, पारे.”

फाटकाबाहेर माणसं जमत होती. कुणीतरी ओरडलं, “त्याला द्या, नायतर दिवस मावळायच्या आत वाडी पेटवतो!” आवाजावरून ओरडणारा थट्टा करत नव्हता. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. वाडीत बावीस झोपड्या होत्या आणि सूर्य मावळायला चार तास होते.

आदर्शराजे निळ्या बंद गळ्याच्या कोटात वेताच्या खुर्चीवर बसले होते. शेजारी तंबूत त्यांचा स्वतःचा भोपळा. उंची छातीएवढी, वजन चारशे बारा किलो, असं पाटीवर लिहिलं होतं. पाच वाजता विक्रमांची नोंद घेणारे लोक मुंबईहून येणार होते.

“बसा, बसा,” राजे म्हणाले.

नम्रता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. सकाळीच पाणी मारलेल्या हिरवळीत खुर्चीचे पाय चार बोटं रुतले. ती एका बाजूला कलली. राजे सौजन्यानं दुसरीकडे बघू लागले. नम्रता मात्र भोपळ्याकडे बघत होती. तो एका नाजूक पायांच्या चौरंगावर, ताठ बसला होता.

“टेमकर कुठे चालले होते?”

“माझा भोपळा बघायला. बाकीचे भोपळे अंगणात काट्यावर चढत होते. माझा काट्यावर चढवला असता तर काटाच मोडला असता, म्हणून ते इकडे यायला निघाले.”

“आणि तुम्ही?”

“मी बागेत फेऱ्या मारत होतो. भाषण पाठ करत. तेव्हाच दामूला पाहिलं. साडेबाराला. मुदपाकखान्याच्या मागच्या पायरीवरचा कोयता उचलून इकडे आला. टेमकरांनी सकाळी त्याला झापलं होतं. या लोकांचं रक्त तापायला वेळ लागत नाही.”

“तुमचा भोपळा जरा हलवून बघू?”

“हात लावायचा नाही. नियम आहे.”

तंबूबाहेर गुणाजी मोबाइलमधले सकाळचे फोटो चाळत होता. “बघा मॅडम, राजे उद्घाटनाला कसे पांढऱ्याशुभ्र कोटात. आता निळा. मोठी मानसं. आपला खाकी एकच.”

प्रेत रोह्याला न्यायला गाडी आली होती. नम्रतानं चादर उचलून टेमकरांचा उजवा हात बघितला. नखांत पांढरी पूड होती, तिच्यात नारिंगी कपची.

मुदपाकखान्याचं मागलं दार तंबूपासून वीस पावलांवर होतं. आत सात बायका आणि चार चुली. घारग्यांचा वास कोंदला होता. चौतीस भोपळ्यांच्या फोडी परातींतून रचलेल्या. कोपऱ्यात सहा भोपळे अख्खे.

मुख्य स्वयंपाकीण विमलबाई पदराला हात पुसत पुढे आली.

“दुपारी कोण आत आलं होतं, विमलबाई?”

“कुनी नाय. आमी साती जनीच.”

“एकही पुरुष नाही?”

“नाय गो बाय. पुरुष समदे अंगनात, काट्यापाशी. देवीचा निवेद हाय हा. हितं कोन येनार?”

“हे सहा का राहिले?”

“हात दुखलं.”

चुलीपाशी बसलेल्या शकूनं झटकन मान खाली घातली.

नम्रता दारात थांबली. पायरीवर पाण्यानं धुतलेला ओला चौकोन होता. भोपळ्याचे दोन तंतू कडेला राहून गेले होते. तिनं अंगणातलं ड्रोनचं चित्रण मागवलं. सव्वाबारा ते एक, गावातला एकूण एक पुरुष काट्याभोवती दिसत होता. तिथे नव्हते ते टेमकर, राजे आणि दामू. दामूला तिथे कुणी बोलावलंच नव्हतं.

चार वाजता तिनं सगळ्यांना तंबूत आणलं. दामूचा हात ओढणीनं गळ्यात बांधला होता. फाटकाबाहेर रॉकेलचा वास येऊ लागला होता.

“विमलबाई, एकच प्रश्न. सात बायका, चौतीस भोपळे. पहिला घाव कुणाचा?”

विमलबाईचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला.

“आमचा गुणाजी खुनाला उशिरा आला,” नम्रता म्हणाली, “कारण त्याची बायको अख्ख्या भोपळ्याला सुरी लावत नाही. इथली कुठलीच बाई लावत नाही. पुरुषानं एक घाव घालायचा, मग पुढच्या फोडी बाईनं करायच्या. तुमचे सहा राहिले ते हात दुखले म्हणून नाही, घाव घालणारा गेला म्हणून. पुरुष तर सगळे अंगणात होते. बोला.”

शकूला हुंदका फुटला.

“सांग ना गो विमलमावशे! त्याचा हात मोडला त्यांनी!”

“दामूचा,” विमलबाई म्हणाली. आवाज चुलीतून आल्यासारखा. “सव्वाबारापासून एकपातूर आतच व्हता. पुरुष माघारी फिरले तसा त्याला मागल्या दारानं काढला. देवीच्या निवेदाच्या भोपळ्याला कातकऱ्याचा हात लागला, हे गावाला कळलं असतं तर आमी साती जनी कामावरून गेलो असतो. मीच त्याच्याकडून वचन घेतलं. पायरी धुतली. त्याचा कोयताबी आत येऊ दिला नाय, पायरीवर ठिवायला लावला. घरातला सुरा दिला.”

“म्हणून याच्या हातांवर भोपळ्याच्या पोटातले तंतू आहेत. हत्तीचे सगळे भोपळे अख्खे होते, तिथून हे चिकटणार नाहीत. आणि तीन घावांत जो नुसता रक्तात न्हाला असता, त्याच्या सदऱ्यावर स्वतःच्या नाकाशिवाय कुणाचं रक्त नाही.” ती वळली. “राजे, दामू भोपळे फोडत होता त्या वेळी तुम्ही त्याला कोयता उचलताना पाहिलंत. कोयता पायरीवर होता, हे त्या सात बायका, दामू, आणि ज्यानं तो उचलला तो, एवढ्यांनाच माहीत होतं.”

“हे काय चाललंय?” राजे उठले. “मी एका परीक्षकाला कशाला मारीन?”

“मी पेणची. आमच्या गल्लीत बारा महिने गणपती घडतात. टेमकरांच्या नखांतली पांढरी पूड मी लहानपणी भाताबरोबर खाल्लीय. प्लॅस्टर. बाहेरून भोपळी रंग. माझी खुर्ची साठ किलोला रुतते आणि तुमचा चौरंग चारशे बाराला रुतत नाही. टेमकरांनी भोपळा नखानं खरवडला. पाच वाजता ते सांगणार होते. तुम्ही बाहेर पडलात, वीस पावलांवरचा कोयता उचललात, मागून पहिला घाव मानेत घातलात. दोन घावांत मेले नाहीत, म्हणून तिसरा. मग शेजारच्या हत्तीच्या पोटात कोंबलंत. महोत्सव संपून हत्ती सुटेपर्यंत कुणी शोधणार नाही असा हिशेब होता. बांबू कच्चा निघाला.”

“पुरावा?”

“तुमचा पांढरा कोट.”

“राजवाडा शोधा!”

“राजवाड्यापर्यंत रक्तानं माखून गेला असतात तर कुणीतरी पाहिलं असतं. भाषणाचा निळा कोट तंबूतच टांगलेला होता. पांढरा जायला जागा एकच आहे, या पोकळ भोपळ्याच्या बुडातून आत. गुणाजी, भोपळा फोडा.”

गुणाजी पुढे सरकण्याआधी पारी उठली होती. कमरेचा कोयता तिच्या हातात आला.

“पारे, थांब गो!” विमलबाई किंचाळली. “बाईनं पयला घाव घालू नये! पाप लागंल!”

“भोपळा असला तर पाप माज्या माथी,” पारी म्हणाली आणि दोन्ही हातांनी घाव घातला.

भोपळा फुटला नाही, तडकला. दुसऱ्या घावाला पांढऱ्या खापऱ्या उडाल्या. राजांनी झेप घेऊन पारीचे केस धरले, तिला चौरंगावर आपटलं, कपाळ फुटलं. त्यांनी कोयत्याकडे हात टाकला. नम्रताची काठी त्यांच्या बोटांवर पडली, मग गुडघ्यावर. दुसऱ्या आवाजानंतर राजे खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

खापऱ्यांत पांढरा कोट पडला होता. पांढरा आता फारसा राहिला नव्हता.

“जर्मनीत,” राजे हुंदके देत म्हणाले, “याच्याहून मोठे होतात हो. खरे. माझा तीन वर्षं साडेसात किलोच्या वर गेला नाही.”

फाटकाबाहेरच्या गर्दीला बातमी पोचली. रॉकेलचा डबा कुणाचाच नव्हता, असं निघालं. दामूला मारणाऱ्या अकरांपैकी सात जणांना गुणाजी गाडीत कोंबून घेऊन गेला. उरलेले आणि त्यांच्यासोबत बाकीचे पुरुष भाताच्या खाचरांतून पसार झाले. पाच वाजता बागेत गावचा पुरुष म्हणून नावाला कुणी उरलं नाही. मुंबईहून आलेल्या विक्रमवाल्यांनी तुकड्यांचे फोटो काढले आणि चहा मागितला.

दामूला आणि पारीला रोह्याच्या दवाखान्यात न्यायला जीप सुरू झाली. तेवढ्यात मुदपाकखान्याच्या पुढल्या दारातून विमलबाई धावत आली. जीपच्या मागच्या फळीला धरून उभी राहिली. डोळे भरलेले. नम्रतानं ड्रायव्हरला थांबायची खूण केली. अशा वेळी माणसाला बोलू द्यावं.

विमलबाईनं दामूच्या मोडक्या हाताकडे पाहिलं. पारीच्या कपाळाकडे पाहिलं. ओठ दोनदा हलले.

“दामू,” ती शेवटी म्हणाली, “ते सहा राह्यलेत रे. उजवा हात चालतोय नं? जाता जाता तेवढा एकेक घाव घालून जा की.”