अर्ध्या वाक्यांचा वर्ग

नमन त्या उमारमणाला, जो स्मशानात घर करून राहतो आणि माणसाच्या घरात दडलेलं स्मशानही ज्याच्या दृष्टीतून सुटत नाही. त्याच्या भस्माची तीन बोटं कपाळी ओढून, घडलं तसंच सांगतो. दिवा जरा पुढे घ्या.

आमच्या मुरुडात गुरुबसप्पा मास्तर निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत बोलक्या इंग्रजीचा वर्ग घेत. त्यांची रीत साधी होती. वाक्याचा अर्धा भाग मास्तरांनी म्हणायचा, उरलेला वर्गाने एका सुरात पुरा करायचा. ‘बिफोर ईटिंग…’ ते म्हणत. ‘वॉश युवर हँड्स,’ वर्ग गर्जे. जेवण्यापूर्वी हात धुवा. बिफोर, आफ्टर, विदाऊट, बाय असे शब्द पुढे चालू लागले की मागून येणारी क्रिया ‘इंग’ची शेपटी लावूनच येते, हे त्यांनी नियम म्हणून शिकवलं नाही, भजनातल्या ध्रुपदासारखं घोटून घेतलं. अर्धं वाक्य कानी पडलं की उरलेलं जिभेवर आपसूक यावं, एवढाच त्यांचा आग्रह. ती सवय पोरांच्या हाडात मुरली होती.

एका उन्हाळ्यात मास्तर गच्चीच्या जिन्यावरून पडून वारले. डोकं फुटलं होतं. त्या वेळी घरात वेगळा राहणारा धाकटा भाऊ मन्मथ तेवढा आलेला होता. मास्तरांच्या पत्नी शरणम्मा मठात गेल्या होत्या. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मास्तरांना बसवून, डाव्या तळहातावर त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवून समाधी दिली. मंडळी घरी परतली, दिव्याचं दर्शन घेऊन मुकाट निघू लागली. मयताच्या घरून निरोप घेऊन निघायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं नसतं, हे आमच्याकडचं लहान पोरही जाणतं. पण मन्मथ घाईत होता. उंबरठा ओलांडताना मास्तरांच्या तसबिरीकडे वळून, रोजच्या सवयीनं तो बोलून गेला, “येतो, दादा.”

सगळे जागच्या जागी थबकले. कोपऱ्यातल्या समईची ज्योत आडवी झाली आणि, वारा नसताना, बराच वेळ आडवीच राहिली.

त्यानंतर मन्मथनं त्या घरात पाऊल टाकलं नाही. निरोप मात्र धाडत राहिला: घर पाडून दुकानाचे गाळे काढायचे आहेत, वहिनींनी उठावं. शरणम्मा उठल्या नाहीत. मास्तरांचीच विद्यार्थिनी रजिया आता वर्ग चालवी, त्यावर त्यांची चूल पेटे. मास्तरांची खुर्ची फळ्याशेजारी रिकामी ठेवलेली असे.

पुढे एका सोमवारी दिवेलागणीला मी शरणम्मांसाठी मठातलं भस्म घेऊन गेलो. वर्ग भरला होता.

“या अप्पा, बसा नं,” रजिया म्हणाली. “आज बजरंगची परीक्षा हाय.”

बजरंगचं स्टँडजवळ पंक्चरचं दुकान. तो डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, विदाऊट स्टडीइंग पास व्हायची काही सोय न्हाई का?”

“हाय की. आफ्टर डाइंग! मेल्यावर कोन परीक्षा घेतंय?”

वर्ग हसला. मीही हसलो. तेवढ्यात वीज गेली. शरणम्मा कंदील घेऊन बाहेर आल्या, आणि दार न वाजवता, चपलांसकट, मन्मथ आत शिरला. त्याच्या अंगाला दारूचा वास होता.

“वैनी, लई झालं. उद्या मशीन येनार हाय. गुमान उठा.”

“मन्मथप्पा, हे तुमच्या दादाचं घर हाय…”

त्यानं त्यांचा अंबाडा धरला आणि त्यांना फरफटत दाराकडे ओढलं. कंदील पडला, पण विझला नाही. बजरंग धावला, तशी मन्मथनं जिन्याखालच्या पाट्यावरचा वरवंटा उचलला. “मधी येशील तर टाळकं फोडीन!” मग तो वरवंटा त्यानं शरणम्मांच्या डोक्यावर उगारला.

रिकामी खुर्ची करकरली. खोलीत ओल्या मातीचा आणि भस्माचा वास दाटला. आणि तो घोगरा, ओळखीचा आवाज आला, “विदाऊट नॉकिंग…”

सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलं, “ही केम इन.” दार न वाजवता तो आत आला. म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत भीती होती. जिभा मात्र थांबत नव्हत्या.

“आफ्टर लॉकिंग द डोअर…”

“ही टुक द स्टोन.” दाराला कडी घालून त्यानं दगड उचलला.

मन्मथच्या हातातून शरणम्मांचे केस सुटले. “दादा… नगं… दादा…”

“बाय हिटिंग अगेन अँड अगेन…”

“ही किल्ड मी.” पुन्हा पुन्हा घाव घालून त्यानं मला मारलं. ही वाक्यं त्या वर्गात कुणीच कधी शिकलं नव्हतं.

मन्मथचा उगारलेला हात मागे वळला आणि वरवंटा त्याच्याच कपाळावर बसला. डाव्या हातानं तो आपलाच उजवा हात आवरत होता. बजरंग आणि मी त्या दंडाला लोंबकळलो; आम्हां दोघांना उचलून तो हात वर जाई आणि खाली येई. हाड फुटल्याचा आवाज नारळ फुटल्यासारखा होता. रक्ताची चिळकांडी फळ्यावर उडाली, रजियाच्या ओढणीवर उडाली. मी पंचाक्षरी म्हणू लागलो, पण माझे शब्द त्या घावांच्या तालावर पडत होते. तो खाली कोसळला तरी हात थांबला नाही. चेहरा चेहरा उरला नाही, तेव्हा थांबला.

मग आवाज पुन्हा आला, आता अगदी हळू. “बिफोर गोइंग…”

जाण्यापूर्वी… एवढंच. कुणाचीच जीभ हलली नाही. ते वाक्य अर्धंच राहिलं.

पोलिस आले. नशेत स्वतःचा घात केला, असं ठरलं. शरणम्मा त्याच घरात राहिल्या. मन्मथलाही बसवून समाधी दिली. मेल्या माणसाशी कसलं वैर? त्याच्या घरी दिव्याचं दर्शन घेतलं आणि ओठ दातांखाली धरून मी उठलो. उंबरठ्यावर पाय ठेवला, तोच कानाशी कुणीतरी कुजबुजलं, “बिफोर गोइंग…”

आणि माझ्या पाठीमागून, दिव्याच्या बाजूनं, स्पष्ट उत्तर आलं, “येतो.”

सगळी मंडळी माझ्याकडे पाहू लागली. माझे ओठ मिटलेले होते. आवाज माझा होता.

श्रोतेहो, तुमच्या देवघरातली ज्योत सरळ तेवो. तुमच्या लेकीसुनांच्या केसाला धक्का न लागो. आणि कुणाच्याही उंबरठ्यावर उभे असाल, तेव्हा तुमची वाणी तुमचीच राहो. शिव तुम्हां सर्वांचं, तुमच्या घरादाराचं कल्याण करो.