विषयाबाहेरचा प्रश्न

या, असं पुढं सरकून बसा. कीर्तनात भिंतीला टेकून मागं बसलं की टाळ ऐकू येतात, पण बुवांनी श्वास कुठं घेतला ते कळत नाही. आणि आजची गोष्ट तर सगळी श्वासाचीच आहे. एक मुलगी चार लोकांत बोलायला शिकली, आणि शिकता शिकता एक प्रश्न तिच्या जिभेवर येऊन अडून बसला... ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. गोड आहे. उठून जाऊ नका.

माघ सरत आला होता. ब्रह्मपुरीहून गडचिरोलीला निघालेल्या काळीपिवळीत रंजीता खिडकीशी बसली होती, शेजारी बुधरीकाकू. बाहेर धान कापलेल्या बांध्यांत लाखोरीच्या पिकाची निळी फुलं, आणि आत पाय ठेवायला जागा नाही. इतक्यात खिडकीतून एक काळी बॅग आत आली, आणि तिच्यामागून एक सावळा, हसरा चेहरा.

"याले जरा मांडीवर घेता का? मी मागं लटकतो. हे आपटलं तर कामातून जाते."

"काय हाये?"

"लेकरूच समजा. फक्त उभं धरा."

"रडते काय?"

"रडत नाई... गरम झालं की भणभणते."

रंजीतानं ओठ दाबून हसू आवरलं, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्या बॅगेवर हात ठेवला. गडचिरोलीला उतरल्यावर त्यानं बॅग घेतली, मान लववली. "लई जपलं तुमी. जोहार."

जोहार म्हणजे आपल्यातलाच. गोंडाघरचा. रंजीतानं जोहार केला, आणि त्याच क्षणी तो प्रश्न तिच्या जिभेवर आला — हा किती देवाचा?

हा प्रश्न साधा नाही हो. गोंडांमध्ये कुणी चार देवांचं असतं, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. आकडा एकच निघाला तर दोघं बहीण-भाऊ, विषय संपला. वेगळा निघाला तर सोयरीक होऊ शकते. तेव्हा तरुण मुलीनं तरुण मुलाला हे विचारलं, तर ती काय विचारते आहे हे सांगायला तिसरा माणूस लागत नाही. रंजीतानं प्रश्न गिळला.

पण योग पाहा. बुधरीकाकू गावच्या महिला गटाच्या अध्यक्ष, आणि गटानं रंजीताला आणलं होतं ते गडचिरोलीत भरणाऱ्या समितीपुढं बोलायला. गावात मोह वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला पेटवतात, म्हणजे भुई साफ होते आणि फुलं दिसतात. पण कधी तीच आग जंगलात शिरते. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं तिच्यातच पडतात, आगीचं कामच नाही. समिती मोजक्या गावांना जाळ्या देणार होती. ज्यांना नीट सांगता येईल त्यांना. मोठ्या पडद्यावर स्लाइड दाखवून बोलायचं, म्हणून आधी काही दिवस शिकवणी ठेवलेली. आणि रंजीता शिकवणीच्या हॉलमध्ये शिरली, तर समोर टेबलावर तेच लेकरू — प्रोजेक्टर. शेजारी तोच मुलगा. नाव अंकुश, जिवतीकडचा, आणि शिकवणारा तोच.

आधी त्यानं स्वतः बोलून दाखवलं. पडद्याकडं पाठ करून उभा राहिला, आणि एकदाही मागं वळला नाही. तो बोले, आणि त्याच्यामागं चित्र असं बदले की जणू त्याचं बोलणं ऐकूनच ते पुढं आलं. रंजीता चित्रं पाहायची विसरली.

मग तिची पाळी आली. ती पडद्याकडं तोंड करून वाचू लागली, "सदर योजनेअंतर्गत मोहफूल संकलनादरम्यान..."

"थांबा मॅडम," मागच्या खुर्चीवरून अंकुश म्हणाला. "हा सदर कोण हाये? तुमच्या गावचा?"

सगळे हसले. रंजीताचे कान तापले. "मग कसं म्हणू?"

"घरी मायले कसं सांगसान?"

"मायले काय सांगायचं? आग तीच लावते."

अंकुश हसायचा थांबला. उठून पुढं आला, आणि हळूच म्हणाला, "हेच बोला. इथूनच सुरू करा."

त्या दिवसापासून तिच्या स्लाइडवरचे शब्द गळत गेले. "एवढं लिहिलं तर लोक वाचतीन. मंग तुमाले कोण ऐकन?" असं म्हणत त्यानं एकेक ओळ पुसायला लावली. शेवटी एका स्लाइडवर उरला फक्त बुंधा काळा पडलेला मोह.

"अन् मोठी गोष्ट बोलून झाली की थांबा. पाणी प्या. घाई नोको."

"लोकाइले वाटन, विसरली."

"वाटू द्या. मी पाहून राह्यलो ना तुमच्याकडे..." वायर त्याच्या हातातून निसटली. "म्हणजे — सगळेच पाहतात."

"हो ना सर. सगळेच पाहतात," रंजीता पाण्याच्या बाटलीआडून म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमचे हात कसे नाई थरथरत?"

"थरथरतात. म्हणून तर रिमोट दोन हातांनी धरतो."

बुधरीकाकू भुईमुगाच्या शेंगा फोडत सगळं ऐकत होत्या. "सर काऊन म्हणते वो? बाकीच्या पोरी दादा म्हणतात."

"तुमी शेंगा खा काकू."

दादा तिच्या तोंडून निघेना. आणि प्रश्नही निघेना. तिनं मनाशी ठरवलं होतं... आकडा एकच निघाला तर समितीपुढं आवाज फुटायचा नाही. आधी गावाच्या जाळ्या. मग जे व्हायचं ते होवो.

समितीचा दिवस उजाडला. पुढं अधिकारी, मागं गावोगावचे लोक. रंजीता उभी राहिली, आणि पडद्याकडं तिनं पाठ केली.

"माझी माय जंगलाले आग लावते," ती म्हणाली. आणि थांबली.

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. कागद चाळणारे हात जागीच राहिले. चांगला कीर्तनकार अभंगाचा एक चरण घेतो आणि सभा त्याच्या ओठांवर आणून ठेवतो ना, तसं झालं. मग तिनं बटण दाबलं, आणि तो काळा बुंधा पडद्यावर आला. माय पहाटे का उठते, पाला का पेटवते, वारा फिरला की पोरांना घेऊन कशी विझवायला धावते... सगळं ती आपल्या बोलीत सांगत गेली, जणू चुलीपाशी बसली आहे. मध्ये एक स्लाइड चुकून पुढं सरकली. ती हसली, "हे थोडं मंग पाहू," म्हणून मागं आली. कुणाला ती चूक वाटलीही नाही.

एका अधिकारी बाईंनी विचारलं, "या जाळ्या किती वर्षं टिकतील?"

"मले माहीत नाई मॅडम. आमी अजून बांधल्याच नाई. एक हंगाम होऊ द्या, मी स्वतः येऊन सांगीन."

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. मागं अंकुश भिंतीला टेकून उभा होता. टाळी वाजवायची तो विसरला होता.

दुपारी निकाल लागला. गावाचं नाव घेतलं गेलं. फुलं गळायच्या आत जाळ्या येणार होत्या. लोक जेवायला पांगले. अंकुश वायर गुंडाळत होता, आणि बुधरीकाकू कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून पडल्या होत्या.

"सर," रंजीता म्हणाली, "शेवटी विचारता ना तुमी, कोणाचा प्रश्न राह्यला काय म्हणून? माझा राह्यला."

"विचारा ना."

"विषयाबाहेरचा हाये."

तो उभा राहिला. "...चालन."

तिनं इकडंतिकडं पाहिलं नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमी किती देवाचे?"

गुंडाळलेली वायर सगळी सुटून पायाशी पडली. जिवतीच्या पोराला अर्थ सांगावा लागला नाही. "सहा," तो म्हणाला, आणि श्वास घ्यायचा राहूनच गेला.

रंजीता थांबली. बाटली उघडली. सावकाश पाणी प्यायली.

"रंजीता..." तो प्रथमच नावानं बोलला. "सांग ना."

"सात."

तो दोन्ही हातांनी टेबल धरून नुसता हसत राहिला, आणि टेबल मात्र थरथरत होतं.

"सुटली बा जीभ एकदाची," कोपऱ्यातून आवाज आला.

"काकू... तुमी झोपल्या नोत्या?"

"झोपतो कशाची. गाडीतून उतरलो त्याच दिवशी जिवतीले माह्या मावसबहिणीले फोन केला मी. सहा देवाचा, मायचा एकुलता एक, दारूले शिवत नाई. सगळं ठाऊक होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर कमिटीपुढं तू याच्याचकडे पाहत राह्यली असती. जाळ्या नोको होत्या काय आपल्याले?" काकू उठल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "अन् विचारायचं तर तुलेच होतं ना पोरी."

त्या वर्षी गावात मोह जाळीत गळला, आणि पाऊस पडायच्या आत लग्न लागलं. नवरानवरीचे फोटो लोकांनी पुष्कळ काढले. बुधरीकाकू त्यांत कुठं दिसत नाहीत, त्या पंगतीत वाढत होत्या. म्हणून एवढंच मागणं आहे. आज रात्री देवापुढं हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या सोबतीनं त्यांचंही नाव घ्या. मनातलं उत्तर मनातच ठेवून ती बाई गप्प बसली होती, एका मुलीला तिचं तिनं विचारता यावं म्हणून.