तिसऱ्यांदा वाजलं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे सोलापुरातच घडलंय, आणि ज्याच्यावर बेतलं तो शिवयोगी अजून हयात आहे.

१९७८ चा मे महिना. एका कापडगिरणीचं ऑफिस. रविवारची टळटळीत दुपार.

गिरणीत कॉम्प्युटर होता आणि शिवयोगी त्याचा प्रोग्रामर. डोक्याने तल्लख, पण जिभेला हाड नाही.

त्याच्याआधी ते यंत्र रुद्रप्पाअण्णा सांभाळायचे. यंत्राच्या मूळ प्रोग्राममध्ये, डिस्कवर फाइली ठेवणाऱ्या भागात, अण्णांनी पदरच्या काही ओळी घातल्या होत्या. डिस्कवर काही लिहिलं, की यंत्र ते परत वाचून बघायचं. लिहिताना एकदा टक. वाचताना पुन्हा टक.

शिवयोगीला ती अडगळ वाटायची. नव्या डिस्कला याची गरजच नव्हती.

"तम्मा, राहू दे की ते," अण्णा कानडीत धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले होते. "लिवलेलं एकदा वाचून बघाय पायजे."

"अण्णा, कचरा आहे हा!"

मॅनेजरसमोर बोलला. सगळे हसले. अण्णांनी मान खाली घातली, पिशवी उचलली आणि गेले. परत कामावर आलेच नाहीत.

महिन्याभरात मंद्रूपला, आपल्या गावी, ते वारले. शिवयोगी मूठमातीलाही गेला नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

त्या ओळी काढायला त्याचा हात धजावत नव्हता. शेवटी मॅनेजरने तगादा लावला, तेव्हा त्या रविवारी त्याने प्रोग्रामच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून अण्णांच्या ओळींची कार्डं उपसली आणि यंत्र नव्याने चालू केलं.

माग बंद होते. गिरणी चिडीचूप.

त्याने एक फाइल लिहायला लावली.

टक.

झालं काम. आणि मग...

टक.

शिवयोगी खुर्चीतून उठला. अण्णांची कार्डं तर त्याच्याच हातात होती!

त्याने पुन्हा फाइल लिहिली.

टक... टक.

दाराशी वॉचमन धोंडीराम आला. मोठी रजा संपवून कालच गावाहून परतला होता.

"रुद्रप्पाअण्णा आल्यात व्हय? दोनदा वाजलं म्हून इचारलं. लई दिस भेट न्हाय की."

त्याला काहीच माहीत नव्हतं. अण्णा वारले, हे सांगायचं शिवयोगीने टाळलं. त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. धोंडीराम गेला, आणि शिवयोगीला रडू कोसळलं.

त्याने कार्डं होती तिथे परत घातली. यंत्र पुन्हा चालू केलं.

"अण्णा, चुकलं माझं," तो मोठ्याने म्हणाला. "तुमचं काम तुमच्या जागी ठेवलंय."

फाइल लिहिली.

टक. टक.

त्याने सुटकेचा श्वास सोडला...

टक.

लिहिताना एकदा, कार्डांमुळे वाचताना एकदा, असं दोनदाच वाजायला हवं होतं. तिसऱ्या खेपेला कोण वाचून बघत होतं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

शिवयोगीने ती नोकरी सोडली. आजही तो म्हणतो, अण्णांनी घाबरवलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं माझं काम तपासलं. माझ्यावर त्यांचा भरवसाच उरला नव्हता.